पाते, घड्याळ आणि 'वास्तव'

साहित्यात 'वास्तव' हा नेहमीच वादाचा शब्द राहिला आहे. वास्तव म्हणजे नेमके काय, ते कोणाच्या दृष्टीने, त्याचे चित्रण करताना निवड कोण करतो आणि कोणत्या अधिकाराने, हे प्रश्न वास्तववादी कादंबरीने स्वतःलाच विचारले आणि त्यांची उत्तरे शोधताना ती प्रौढ झाली. दूरचित्रवाणीने हा वाद एका फटक्यात निकालात काढला. समोर व्यावसायिक नट नाहीत आणि त्यांच्या हाती पाठ केलेली संहिता नाही, एवढ्या दोन नकारांच्या बळावर तिने 'वास्तव' हे नाव आपल्या मालावर शिक्क्यासारखे उमटवले. या शिक्क्याविषयी साहित्यसमीक्षेने फारशी चिकित्सा केली नाही. तो आपला प्रांत नव्हे, असे तिने गृहीत धरले. परिणामी ही चिकित्सा ज्यांच्यावर सोपवली गेली, त्यांच्यापैकी एक वर्ग फारच अनपेक्षित आहे. तो म्हणजे अमेरिकेतील चाकूंचे शौकीन: पाती घडवणारे, जमवणारे, धार लावत बसणारे छांदिष्ट लोक. आपल्या छंदाचे जे चित्र रिॲलिटी शो रंगवतात त्यावर या मंडळींचा विश्वास नाही. त्यांचा अविश्वास हा दुखावलेल्या हौशी माणसांचा कुरबुरीचा सूर मानून सोडून देण्याची प्रथा आहे. ती प्रथा चुकीची आहे. अनुकृतीचे सत्य कशात असते, या काव्यशास्त्रातील जुन्या प्रश्नाला हे लोक ऐरणीच्या बाजूने भिडलेले आहेत.

ज्या कार्यक्रमावर हा अविश्वास मुख्यतः रोखलेला आहे, तो 'फोर्ज्ड इन फायर'. अमेरिकेतील 'हिस्टरी' वाहिनीवर २२ जून २०१५ रोजी तो सुरू झाला आणि पुढे त्याचे अनेक हंगाम झाले. त्याची रचना सोपी आहे. चार लोहार, तीन फेऱ्या, तीन परीक्षक आणि दहा हजार डॉलरचे पारितोषिक. पहिल्या फेरीत दिलेल्या लोखंड-पोलादातून साधारणतः तीन तासांत पाते घडवायचे. दुसऱ्या फेरीत तशाच मुदतीत त्याला मूठ बसवून ते वापरण्याजोगे करायचे. शेवटी उरलेल्या दोघांनी आपापल्या घरच्या भट्टीवर परतून काही दिवसांत एखादे ऐतिहासिक शस्त्र तयार करून आणायचे. पहिल्याच भागातील ऐतिहासिक शस्त्र होते जपानी कताना. प्रत्येक फेरीअखेर पात्यांची परीक्षा होते: हरणांच्या शिंगांवर घाव, बर्फाच्या लादीवर घाव, दोर, मृत डुकराचे धड, आणि मानवी देहासारखा बनवलेला जिलेटिनचा पुतळा. ज्याचे पाते तुटते तो बाहेर जातो.

हा कार्यक्रम अडाणी लोकांनी केलेला नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्याच्या आरंभीच्या परीक्षकांपैकी जे. नीलसन हे 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी'चे 'मास्टर स्मिथ' आहेत. ही पदवी मिरवण्यासाठी मिळत नाही. स्पर्धकांतही वर्षानुवर्षे भट्टीवर राबलेली माणसे आढळतात. म्हणजे ज्ञान तेथे हजर आहे. प्रश्न असा, की हजर असलेल्या ज्ञानाचे तेथे काय होते? शौकिनांचे उत्तर असे, की त्याचा उपयोग नेपथ्यासारखा होतो. ते पाठीमागे उभे असते, दृश्याला वजन आणते, पण नाट्य चालते ते दुसऱ्याच दोन गोष्टींवर: घड्याळावर आणि पुतळ्यावर. घड्याळ पात्याच्या काळाचा विपर्यास करते, पुतळा पात्याच्या प्रयोजनाचा. या दोन विपर्यासांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

आधी घड्याळ. कार्यक्रमाचे सर्व ताण काळाच्या टंचाईतून निर्माण केलेले आहेत. उरलेल्या मिनिटांचे आकडे, घामाने डबडबलेले चेहरे, अखेरच्या क्षणी तेलात बुडवलेले तापलेले पाते आणि त्याला गेलेला तडा. प्रेक्षकाला वाटते, पोलादावर माणसाने मिळवलेल्या विजयाची हीच कथा आहे. पोलादाची कथा वेगळी आहे. कार्बनयुक्त पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की लोहचुंबकाला दाद देईनासे होते; त्याहून थोड्या अधिक उष्णतेवर, पोलादाच्या जातीनुसार, त्याची अंतर्रचना बदलते आणि त्या क्षणी ते तेलात निववले तर ते विलक्षण कठीण होते. पण कठीण झालेले पोलाद काचेसारखे ठिसूळही असते. ते पुन्हा सुमारे दोनशे अंशांच्या मंद आचेवर तासन्‌तास, बहुधा दोनदा, ठेवावे लागते. तेव्हा कुठे त्याच्या अंगी कणखरपणा आणि लवचिकपणा एकत्र नांदू लागतात. या क्रियेला टेंपरिंग म्हणतात. त्याआधी घडणीत पोलादावर आलेला ताण घालवण्यासाठी ते वारंवार तापवून हवेत सावकाश निवू द्यावे लागते. यांतील कोणतीही क्रिया पाहायला रोमहर्षक नाही. मंद आचेवर ठेवलेले पाते दोन तास तसेच पडून असते आणि लोहारही दोन तास तसाच बसून असतो. मराठीत पोलादाला 'पाणी देणे' म्हणतात, आणि त्यातूनच माणसालाही 'पाणीदार' म्हणण्याची रीत पडली. भाषेने हे विशेषण घाईला दिलेले नाही.

पडद्यावरून नेमका हाच काळ गळून पडतो. उरतो तो आगीचा, ठिणग्यांचा आणि घणाच्या घावांचा काळ. याला कोणी संक्षेप म्हणेल. नाटक आणि कादंबरीही काळाचा संक्षेप करतातच. वीस वर्षांचा वियोग दोन ओळींत सांगण्याचा अधिकार कलेला आहे. पण संक्षेप आणि विपर्यास यांतील भेद येथेच स्पष्ट होतो. संक्षेप गाळलेल्या काळाची जाणीव ठेवतो. विपर्यास तो काळ नव्हताच असे भासवतो. ज्या प्रेक्षकाने पाते घडवण्याची क्रिया केवळ पडद्यावर पाहिली, त्याला धीर हा या कलेचा प्राण आहे हे कळायचे नाही. त्याच्या लेखी धीर म्हणजे हरणाऱ्याचा दोष. जो थांबला तो बाहेर गेला, हे त्याने प्रत्येक भागात पाहिलेले असते.

याच्या शेजारी शौकिनांची स्वतःची परीक्षा ठेवून पाहावी. मेरीलँडच्या बिल मोरान यांनी १९७३ मध्ये 'नाइफमेकर्स गिल्ड'च्या प्रदर्शनात थरांच्या पोलादाचे चाकू मांडले आणि हाताने पाते घडवण्याच्या, जवळजवळ विझलेल्या, विद्येला पुन्हा धग दिली. १९७६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' स्थापन झाली. १९८८ मध्ये आर्कान्सामधील वॉशिंग्टन या लहानशा गावी शिकवण्यासाठी शाळा उघडली. या संस्थेच्या पहिल्या पदवीसाठी उमेदवाराने काही वर्षे सभासद राहून शिकावे लागते आणि मग स्वतः घडवलेले एक पाते घेऊन एखाद्या 'मास्टर स्मिथ'समोर उभे राहावे लागते. त्या पात्याने एक इंच जाडीचा मोकळा लोंबता दोर एका घावात कापायचा. दोन बाय चार इंची लाकूड दोनदा तोडायचे. त्यानंतर, मध्ये धार न लावता, त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे. आणि शेवटी पाते पकडीत आवळून नव्वद अंशांत वाकवायचे. पाते तुटता कामा नये. पुढच्या, 'मास्टर'च्या परीक्षेत हेच सर्व किमान तीनशे थरांच्या पोलादाच्या पात्याने करावे लागते.

या परीक्षेतही नाट्य आहे, हे कोणीही कबूल करील. पण तिची प्रत्येक पायरी एका प्रश्नाचे उत्तर देते. दोर पात्याच्या धारेबद्दल बोलतो, लाकूड तिच्या टिकाऊपणाबद्दल, केस त्या टिकलेल्या धारेच्या तीक्ष्णतेबद्दल, आणि वाकवणे पाणी देण्यातल्या समतोलाबद्दल. पाते घडवायला किती वेळ लागला, हे तेथे कोणी विचारीत नाही. शिवाय या परीक्षेत उत्तीर्ण झालेले पाते वाकून निकामी होते. उमेदवाराच्या हाती उरते ते केवळ ज्ञान. दूरचित्रवाणीवरील परीक्षेत विजेत्याच्या हाती धनादेश येतो. स्वयंपाकघरातील सुरी हरणाच्या शिंगावर आपटून तिची गुणवत्ता ठरवणे म्हणजे गायकाची परीक्षा त्याच्या ओरडण्यावर घेणे होय. तुटलेली सुरी वाईट होती असे त्यातून सिद्ध होत नाही. ती शिंगासाठी नव्हती, एवढेच सिद्ध होते.

आता पुतळा. घड्याळापेक्षा हा विपर्यास अधिक गंभीर आहे. चाकू हे मनुष्याचे सर्वांत जुने उपकरण म्हणता येईल. भाजी चिरण्यापासून कातडे सोलण्यापर्यंत, कलम बांधण्यापासून दोर कापण्यापर्यंत त्याचे आयुष्य जाते. शौकिनांच्या संग्रहातील बहुसंख्य पाती याच कुळातली असतात. 'फोर्ज्ड इन फायर'मध्ये मात्र पात्याच्या सार्थकतेचा अंतिम निर्णय जिलेटिनच्या मानवी देहावर होतो. परीक्षक डग मार्काइडा त्या देहात पाते खुपसतात, जखमेची खोली दाखवतात आणि 'हे ठार करील' अशा आशयाचा निर्वाळा देतात. हा निर्वाळा कार्यक्रमाचे घोषवाक्य ठरला. पुढे त्या इंग्रजी शब्दाच्या अक्षरांत थोडा फेरफार करून 'सर्वांना जिवंत ठेवा' असा त्याचा विग्रह करण्यात आला. ज्या वाक्याला आपल्या सरळ अर्थापासून स्वतःला वाचवण्यासाठी भाष्याची गरज भासते, त्या वाक्याविषयी समीक्षेने वेगळे काही सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. कताना, खड्ग, कट्यार ही शस्त्रेच आहेत. ती देहावरच चालवण्यासाठी घडवली गेली. मग पुतळ्यावर चालवली तर बिघडले कोठे? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण ऐतिहासिक शस्त्राचे 'ऐतिहासिक'पण त्याच्या जखमेत सामावलेले नसते. कोणत्या समाजाने ते कोणासाठी घडवले, ते धारण करण्याचा अधिकार कोणाला होता, ते युद्धात किती आणि दरबारात किती वावरले, लोहाराची सामाजिक पायरी कोणती होती, हे सारे मिळून त्या शस्त्राचा इतिहास होतो. वाहिनीच्या नावात इतिहास आहे. कार्यक्रमात त्याच्या वाट्याला एखाद्या मिनिटाचे निवेदन येते. जखम हा इतिहासाचा सारांश नव्हे. पण ती चटकन दिसते, आणि दूरचित्रवाणीला जे चटकन दिसते तेच प्रमाण वाटते.

अशा वेळी भारतीय काव्यशास्त्रातील एका जुन्या विचाराचे स्मरण होते. भरताच्या रससूत्राचे विवरण करताना शंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त दिला. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' असे ज्ञान होते. पण ते ज्ञान यथार्थ नसते, मिथ्या नसते, संशयाचे नसते आणि केवळ सादृश्याचेही नसते. नटात रामाची प्रतीती होते ती अशीच. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त शंकुकाचे मत नोंदवून त्याचे खंडनही केले, हे खरे. तरी त्या दृष्टान्तात दडलेला एक करार आजही मोलाचा आहे. चित्रकार पाहणाऱ्याला फसवीत नाही. चौकट समोर असते, रंग समोर असतात, आणि तरीही घोडा दिसतो. कलेचे सारे स्वातंत्र्य या प्रामाणिक चौकटीवर उभे आहे. रिॲलिटी शो नेमकी ही चौकट काढून घेतो. तो घोड्याचे चित्रच काढतो, पण सांगतो की तबेल्याचे दार उघडे आहे.

या दृष्टीने पाहिले, म्हणजे शौकिनांना काल्पनिक चित्रपटांचा इतका राग का येत नाही, हेही उमगते. १९८२ च्या 'फर्स्ट ब्लड' या चित्रपटासाठी आर्कान्सामधील जिमी लाइल या नामवंत कारागिराने पोकळ मुठीचा, करवतीसारखे दाते असलेला चाकू बनवला. चित्रपट गाजला आणि तशा मुठीच्या स्वस्त नकलांचा बाजारात पूर आला. त्यांतल्या कित्येक मुठीपाशीच मोडत. शौकिनांनी नकलांची थट्टा केली, लाइलचा चाकू मात्र आदराने जपला. चित्रपट ही कल्पित कथा आहे, असे तिकिटावरच लिहिलेले होते. उलट 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' या जंगलात तग धरण्याच्या कार्यक्रमाचे उदाहरण पाहावे. त्याचे सूत्रधार बेअर ग्रिल्स चित्रीकरणाच्या काळात काही रात्री हॉटेलात राहिले होते, हे २००७ मध्ये उघड झाले. त्यानंतर कार्यक्रमात काही प्रसंग मुद्दाम मांडून घेतलेले असतात, अशा स्वरूपाची सूचना झळकू लागली. म्हणजे चौकट परत बसवावी लागली, आणि तीही पकडले गेल्यावर.

शब्दांच्या बाबतीतही हीच बेपर्वाई दिसते. थरांवर थर जोडून, दुमडून घडवलेल्या नक्षीदार पोलादाला पडद्यावर बेधडक 'डमास्कस' म्हटले जाते. हा शब्द कार्यक्रमाने जन्माला घातलेला नाही. मोरान यांच्या पिढीपासून तो या अर्थाने रूढ आहे. पण जाणकार शौकीन त्याबरोबर एक टीप जोडतात, आणि पडदा ती गाळतो. मध्ययुगात ज्या लाटदार नक्षीच्या तलवारींनी डमास्कसचे नाव गाजवले, त्यांचे पोलाद थरांचे नव्हते. ते मुशीत वितळवून केलेले होते, आणि त्याचा एक मोठा उगम दक्षिण भारतात होता. तेलंगणातील कोनासमुद्रम यांसारख्या गावांतून ते पश्चिमेकडे जात असे. इंग्रजीत त्याला 'वुट्झ' म्हणतात. हा शब्द 'उक्कु' या कन्नड शब्दावरून आला असे सामान्यतः मानले जाते. लंडनमध्ये मायकेल फॅरडे या लोहाराच्या मुलाने जेम्स स्टोडार्ट यांच्याबरोबर त्याचा अभ्यास केला आणि १८२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर पावणेदोन शतकांनी, १९९८ मध्ये, आयोवा राज्य विद्यापीठाचे जॉन व्हर्हूवेन आणि फ्लोरिडातील नालबंद आल्फ्रेड पेंड्रे यांनी त्या नक्षीमागे व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या सूक्ष्म अंशाचा हात असल्याचे दाखवून दिले. एक प्राध्यापक आणि एक नालबंद यांनी वर्षानुवर्षे मुशी फोडून मिळवलेले हे ज्ञान आहे. ज्या छंदाच्या पोटी असे सहकार्य जन्मते, त्या छंदाला तीन तासांच्या शर्यतीत बसवणे हा त्याचा प्रचार आहे की अवमान, याचा निर्णय वाचकाने करावा.

इतके असूनही कोणी म्हणेल, की हा हौशी मंडळींचा घरगुती तंटा आहे. त्यात समाजाचे काय अडते? अडते, आणि ते दोन प्रकारे. पहिला प्रकार प्रत्यक्ष आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर न्यू यॉर्क राज्यातील कोहोज या शहरात एका माणसाने घराबाहेर पिंपात आग पेटवून धातू वाकवण्याचा प्रयत्न केला. आग पसरली आणि शहराच्या मध्यवस्तीतील अनेक इमारती तिच्या भक्ष्यस्थानी पडल्या. दूरचित्रवाणीवरील भट्टीचा कार्यक्रम पाहून त्याला ही स्फूर्ती झाल्याचे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. एका माणसाच्या अविचाराचा सगळा दोष कार्यक्रमावर लादणे अन्यायाचे होईल. पण आग दाखवायची आणि आगीची शिस्त गाळायची, या संपादनाचा हिशेब कधीतरी मांडावाच लागेल. शाळेतल्या लोहाराने त्या माणसाला प्रथम वाळूची बादली कुठे ठेवायची ते शिकवले असते.

दुसरा प्रकार अप्रत्यक्ष, म्हणून अधिक दूरगामी आहे. वस्तूची जी प्रतिमा लोकमानसात रुजते तिच्यावरून कायदे होतात. चाकूच्या बाबतीत हे एकदा घडून गेले आहे. १९५० मध्ये 'वुमन्स होम कंपॅनियन' या अमेरिकन मासिकाने कळ दाबताच उघडणाऱ्या चाकूवर भयकारी लेख छापला. त्याच्या मथळ्यात त्या चाकूला जीव घेणारे खेळणे म्हटले होते. त्या दशकातील चित्रपटांनी आणि रंगभूमीने तोच चाकू उनाड तरुणाच्या हातात दिला. वस्तू आणि व्यक्ती एकमेकांची चिन्हे बनली, आणि १९५८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने अशा चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. न्यू यॉर्क राज्यात त्याच काळापासून झटक्याने उघडणाऱ्या 'ग्रॅव्हिटी' चाकूंवरील बंदीचा अर्थ पुढे इतका ताणला गेला, की दुकानात उघडपणे विकला जाणारा कामाचा घडीचा चाकू खिशात क्लिप लावून फिरणारे कामगार पकडले जाऊ लागले. पोलीस मनगटाचा झटका देऊन पाहत; पाते उघडले तर माणूस आरोपी. पकडल्या गेलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे होते. ही तरतूद रद्द व्हायला २०१९ चा मे महिना उजाडावा लागला. एका प्रतिमेची किंमत सहा दशके लोकांनी भरली, आणि ती भरणारे लोक प्रतिमा बनवणाऱ्यांपैकी नव्हते.

ब्रिटनमधील उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्याने विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. भयपटांच्या अभिरुचीतून 'झोंबी' नावाने ओळखले जाणारे भडक चाकू तेथे विकले जाऊ लागले. २०१६ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांवर बंदी आली. त्या बंदीच्या व्याख्येत धार आणि दाते यांच्या जोडीला तिसरी अट होती: पात्यावर किंवा मुठीवर हिंसेसाठी वापर सुचवणारी चित्रे किंवा शब्द असणे. म्हणजे लोखंड तेच, लांबी तीच. वर कोरलेल्या शब्दांमुळे एक पाते गुन्हा ठरते आणि दुसरे नाही. विक्रेत्यांनी शब्द पुसले, आणि मग सप्टेंबर २०२४ मध्ये व्याख्या रुंदावून शब्दांविनाही अशा आकाराची मोठी पाती बंदीखाली आणावी लागली. शब्द वस्तूला अर्थ देतात, हा सिद्धान्त वर्गात शिकवला जातो. येथे तो दंडविधानात उतरलेला दिसतो. दर आठवड्याला लक्षावधी घरांत 'हे ठार करील' असा निर्वाळा ऐकवणारा कार्यक्रमही पात्यांवर शब्दच कोरीत असतो. ते शब्द पुसण्यासाठी कानस चालत नाही.

कार्यक्रमाच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद लोकप्रियतेचा आहे. विस्मृतीत जाऊ पाहणारी विद्या त्याने घराघरांत पोहोचवली, अनेक तरुण भट्टीकडे वळले, लोहाराला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. यात तथ्य आहे, आणि प्रामाणिक शौकीन ते नाकारीत नाहीत. मात्र या युक्तिवादाचा शेवट कोठे होतो तेही पाहावे. जो तरुण पडद्यावरून भट्टीकडे येतो आणि तेथे टिकतो, त्याला पहिल्या काही महिन्यांतच जे पाहिले ते विसरावे लागते. त्याला वाट पाहायला शिकावे लागते; फसलेले पाते बाजूला ठेवून पुन्हा आरंभ करायला शिकावे लागते; तुटलेल्या पात्याचा दाणा पाहून उष्णता कोठे चुकली हे वाचायला शिकावे लागते. तो जितका चांगला लोहार होतो तितका त्या कार्यक्रमाविषयी साशंक होतो. ज्या शिकवणुकीचे यश तिला विसरण्यात असते, तिला शिकवणूक म्हणता येणार नाही; फार तर जाहिरात म्हणता येईल. आणि जो तरुण येऊन टिकत नाही, त्याच्यापाशी फक्त ठिणग्या आणि घोषवाक्य उरते.

तरीही शौकिनांना या खटल्यात संपूर्ण निर्दोष ठरवता येणार नाही. दूरचित्रवाणीने हिंसेची भाषा शून्यातून निर्माण केलेली नाही; ती तिला त्यांच्याच बाजारात आयती मिळाली. साध्या घडीच्या चाकूला 'टॅक्टिकल' म्हणून विकणारे, कधी रणांगण न पाहिलेल्या पात्यांना सैनिकी नावे देणारे, जाहिरातीत काळोख आणि रक्ताचा लाल रंग वापरणारे कारखानदार याच छंदाच्या अंगणातले. ज्या सभासदाने तशी जाहिरात पाहून चाकू घेतला आणि नंतर पडद्यावरील पुतळ्याचा निषेध केला, त्याचा निषेध अर्धाच खरा आहे. ऐरणीवर घाव घालताना लोहार तापलेल्या लोखंडावरील खपली आधी झाडतो. ती तशीच राहिली तर घणाच्या घावाने पात्यात रुतते. या छंदाच्या भाषेवर अशी बरीच खपली साचली आहे. ती झाडण्याचे काम कोणती वाहिनी करणार नाही.

मात्र या उणिवेमुळे त्यांच्या मूळ आक्षेपाचे मोल कमी होत नाही. तो आक्षेप असा, की एखाद्या कामाचे सत्य त्याच्या काळात आणि त्याच्या प्रयोजनात असते; या दोहोंना हात लावून उरलेला सारा तपशील अचूक दाखवला तरी चित्र खोटे होते. ऐरण खरी, घण खरा, घाम खरा, लोहारही खरा. आणि तरीही जे दिसते ते लोहारकाम नसते. साहित्याला हा आक्षेप अनोळखी नाही. तपशिलांची रास ओतून वास्तवाचा आव आणणाऱ्या कादंबऱ्यांविषयी चांगल्या समीक्षेने हेच म्हटले आहे. फरक एवढाच, की कादंबरीचा वाचक चौकट ओळखतो आणि पुस्तक मिटवून विचार करू शकतो. पडद्यासमोरच्या माणसाला चौकट नाही असे बजावून सांगितलेले असते.

म्हणून समीक्षेने या शौकिनांच्या शंकेला आपल्या अंगणात जागा दिली पाहिजे. वास्तव दाखवण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक कृतीला दोन प्रश्न विचारण्याचा परिपाठ त्यांनी घालून दिला आहे: यातून कोणता वेळ गाळला, आणि वस्तूच्या तोंडी कोणाचे प्रयोजन घातले? हे प्रश्न स्वयंपाकाच्या स्पर्धांना लागू पडतात, गाण्याच्या स्पर्धांना लागू पडतात, आणि वास्तवाच्या नावाने खपणाऱ्या साहित्यालाही. ज्या पात्याला नीट पाणी दिलेले असते ते वाकते, पण तुटत नाही. हे दोन प्रश्न ज्याला झेपतात, त्या चित्रणाविषयी तेवढेच म्हणता येईल. ज्याला झेपत नाहीत, त्याची धार पडद्यावर कितीही लखलखली, तरी पहिल्या खऱ्या घावाला त्याचे दोन तुकडे होतात.